साक्षकथन आणि सोबतीचा शब्द

स्त्रियांच्या आत्मपर लेखनाचा विचार करताना मराठी समीक्षेने अनुभवाची अस्सलता ही कसोटी दीर्घकाळ पुरेशी मानली. मुंबईतील व अन्यत्रच्या दाऊदी बोहरा स्त्रियांनी खतन्याविषयी केलेली निवेदने वाचताना ही कसोटी अपुरी पडते. येथे अस्सलतेविषयी शंका नसते; हा अनुभव कोणाला सांगावयाचा आणि ऐकणाऱ्याने त्याचे काय करावयाचे, हा खरा प्रश्न असतो.

या निवेदनांना एक ठरीव घाट आहे. सुमारे सात वर्षांची मुलगी, खाऊचे किंवा फिरावयास नेण्याचे आमिष, सोबत आजी वा मावशी, जुन्या वस्तीतील एखादी खोली, अनोळखी स्त्री, आणि अखेरीस कोणापाशी न बोलण्याची ताकीद. तपशील बदलतात, घाट बदलत नाही. एरवी पुनरावृत्ती हा लेखनाचा दोष. येथे ती आधार ठरते. केवळ आपल्याच वाट्यास आले असे वाटणारे दुःख दुसरीच्या कथनात भेटते, आणि एकटेपणाला पहिला तडा जातो.

रेहाना घडियाली यांनी १९९१ मध्ये ‘मानुषी’त या प्रथेवर लेख लिहिला, २०१२ मध्ये प्रिया गोस्वामी यांचा ‘अ पिंच ऑफ स्किन’ हा माहितीपट आला. २०१५ मध्ये पाच स्त्रियांनी ‘सहियो’ ही संस्था स्थापन केली. मैत्रिणी या अर्थाचे हे नावच तिची भूमिका सांगते. तिच्या ‘थाळ पे चर्चा’ या उपक्रमात एका थाळाभोवती बसून जेवण्याच्या बोहरा रीतीलाच बोलण्याचे निमित्त केले गेले. ज्या परंपरेने मौन शिकविले, तिच्याच एका आकारातून मौन सोडण्याची जागा निर्माण झाली.

शब्दयोजनेचा प्रश्नही याच जागेतून उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटना या कृतीस विच्छेदन म्हणते. प्रथेच्या विरोधात उभ्या असलेल्या अनेकींना मात्र छेदन हा शब्द जवळचा वाटतो. कारण ज्या आईने हात धरून नेले, तिला क्रूर ठरविणे त्यांना मान्य नसते. हा भित्रेपणा नव्हे. इजा निःसंदिग्धपणे नाकारावयाची, पण नाते तोडावयाचे नाही, अशी ही दुहेरी नैतिकता आहे. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमचं’ लिहिताना आपल्याच समाजातील स्त्रीच्या छळाकडे डोळेझाक केली नाही, आणि समाजाशी असलेले नातेही सोडले नाही. घरातले बाहेर नेल्याचा आरोप आणि बाहेरच्यांनी त्याचा दुरुपयोग करण्याची भीती, या दोहोंमधून अशा लेखनाला वाट काढावी लागते.

या वाङ्मयाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. त्यातील पुष्कळसे इंग्रजीत आहे आणि शिक्षित, शहरी स्त्रियांचे आहे. छेद करणाऱ्या स्त्रीचा आवाज त्यात क्वचितच येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सहियो’च्या पाहणीत ३८५ स्त्रियांपैकी ८० टक्के स्त्रियांनी आपला खतना झाल्याचे सांगितले, परंतु उत्तर देण्यास आपणहून पुढे आलेल्यांचा हा आकडा आहे, संपूर्ण समाजाचा नव्हे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण घटनापीठाकडे सोपविले. निवाडा प्रथेविषयी होऊ शकतो. सोबत मात्र निवाड्याने मिळत नाही.

भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये राहणारा मराठी वाचक या खोलीपासून फार दूर असतो. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत नाना प्रांतांची माणसे भिंतीला भिंत लावून राहतात, सणांना एकमेकांकडे जातात. परंतु शेजारच्या घरातील मौन सहसा ओळखत नाहीत. अशा वाचकाने हे लेखन एखाद्या परक्या समाजाची अद्भुत हकीकत म्हणून वाचले, तर निवेदन करणारी स्त्री पुन्हा एकटी पडते. वयात येणाऱ्या मुलीचे शरीर, घराण्याची अब्रू आणि थोरल्या स्त्रियांची धाकट्यांवरील देखरेख यांचे नाते आपल्या घरातही शोधले, तरच तो श्रोता होतो. साक्षकथनाची पूर्तता लिहिणारीच्या हाती निम्मीच असते. उरलेली निम्मी ऐकणाऱ्याच्या.