सागरतळींच्या दोन त्रुटित पोथ्या

हेज, इंब्री व शॅकल्टन यांचा १९७६ चा हिमयुगविषयक निबंध पोथीसंग्राहकांनीं अवश्य पाहावा. दक्षिण हिंदी महासागरांतील दोन गाळस्तंभ ह्याच त्यांच्या पोथ्या. एकीचीं अलीकडचीं पानें गळालेलीं, दुसरीचीं जुनीं. समान थर ताडून त्यांनीं सुमारें ४,५०,००० वर्षांचा पाठ सांधला. सूक्ष्म कवचांत जड प्राणवायु अधिक, तर भूमीवर हिमसंचय अधिक, हें वाचनाचें गमक. त्यांत अक्षाच्या कलतेपणाचें ४२,००० व अयनचलनाचें २३,००० वर्षांचें आवर्तन उमटलें. पुढें मात्र कालगणनाच ग्रहगतीशीं जुळवून घेतली आहे. छंदासाठीं पाठ बदलून त्याच पाठावरून छंद सिद्ध करणें ग्राह्य नव्हे. तथापि आवर्तनें जुळवणीपूर्वींच्या पाठांतच दाखविलेलीं असल्यानें हा दोष मूळ सिद्धांतास लागत नाहीं. केवळ जुळविलेल्या कालपटावर विसंबणाऱ्या उत्तरकालीनांस लागतो.