नवे कोपभवन

अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत आता ‘रेज रूम’ नावाचा धंदा दिसतो. पैसे भरायचे, अंगात जाड डगला आणि डोक्यावर हेल्मेट चढवायचे, हातात बेसबॉलची बॅट किंवा हातोडा घ्यायचा आणि बंद खोलीत ठरावीक मिनिटे बाटल्या, बशा, जुने प्रिंटर फोडत सुटायचे. जपानमध्ये २००८च्या सुमारास अशी खोली निघाली. त्याच सुमारास टेक्ससमधल्या डॅलस शहरात डोना अलेक्झांडर यांनी आपल्या गॅरेजमध्ये हाच प्रयोग केला आणि पुढे त्याचा व्यवसाय झाला. मोठ्या माणसांनी आपल्या पैशांनी आपले समाधान करून घ्यावे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आता या खोल्यांत मुलांचे वाढदिवसही साजरे होतात. आईवडिलांनी सही केली की मुलांना प्रवेश मिळतो. किती वयापासून, हे बहुतेक ठिकाणी मालकच ठरवतो.

‘मुलांना तिथे न्यावे का?’ या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. खोली सुरक्षित आहे का, आणि ती मुलांसाठी योग्य आहे का? पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले, असे आपण धरून चालतो. घोटाळा तिथे आहे.

आधी सुरक्षितता. उडणारी काच सगळ्यांना दिसते, म्हणून तिचा बंदोबस्तही बऱ्यापैकी होतो. मात्र चष्मा, हेल्मेट आणि हातमोजे मोठ्यांच्या मापाचे असले तर मुलाच्या चेहऱ्याशी फट राहते, आणि फट असलेले संरक्षण हे संरक्षण नव्हे. जे दिसत नाही, ते मला जास्त सतावते. जुन्या टीव्हीच्या चित्रनळीच्या काचेत सरासरी दोन किलोच्या आसपास शिसे असते आणि नळीच्या आत निर्वात पोकळी असते, त्यामुळे ती फुटताना तुकडे जोरात उडतात. जुन्या सर्किट बोर्डांच्या डाखात शिसे, ट्यूबलाइटमध्ये पारा, प्रिंटरमध्ये टोनरची बारीक भुकटी. पोटात गेलेले शिसे मोठ्यांपेक्षा मुलांचे शरीर कितीतरी जास्त प्रमाणात शोषून घेते, आणि मुलांसाठी शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ठाऊक नाही, असे अमेरिकेचे सरकारी आरोग्य खाते स्वतःच सांगते. धूळ हेल्मेटला विचारून आत येत नाही. ती केसांत, बुटांवर बसते आणि घरी येते. शिवाय बंद खोलीत लोखंडावर लोखंड आदळले की होणारा आवाज कानांना सोसणारा नसतो.

जबाबदार मालक टीव्ही, ट्यूबलाइट आणि सगळा इलेक्ट्रॉनिक माल वगळतो, हवा खेळती ठेवतो, मुलांच्या मापाची साधने ठेवतो. म्हणजे सुरक्षिततेचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटू शकतो. तो पुरता सुटला असे समजू या. तरीही दुसरा प्रश्न उरतो.

या धंद्यामागचे तत्त्व आपल्याला स्वयंपाकघरातून माहीत आहे. राग म्हणजे कुकरमधली वाफ. शिट्टी झाली नाही तर कुकर फुटेल. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ साली दडपलेल्या भावनांच्या निचऱ्याची कल्पना मांडली आणि ती सर्वतोमुखी झाली. इंजिनियरला ही उपमा ताबडतोब पटते, म्हणूनच ती तपासून पाहावी. कुकर शिट्टीतून काही शिकत नाही. शंभराव्या शिट्टीला त्याचे वागणे पहिल्या शिट्टीसारखेच असते. मूल मात्र प्रत्येक वेळी शिकते.

प्रयोग काय सांगतात? ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली सहाशे विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्याने आपल्याला डिवचले त्याला मनात आणून पंचिंग बॅग बडवणारे सर्वांत जास्त रागावलेले निघाले. काहीही न करता गप्प बसलेले सर्वांत कमी आक्रमक होते. २०२४ साली १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्याचा निष्कर्ष असा की शरीराची उत्तेजना उतरवणारे उपाय, म्हणजे संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणे, राग कमी करतात. उत्तेजना चढवणाऱ्या उपायांनी एकंदरीत तो कमी होत नाही.

मुलांबाबत मला सर्वांत बोलका वाटतो तो १९६६ सालचा मॅलिक आणि मॅककँडलेस यांचा प्रयोग. तिसरीतल्या मुलांना एका मुलाकरवी मुद्दाम त्रास दिला. मग काहींना खेळण्यातल्या बंदुकीने नेम मारू दिले, तर काहींना सांगितले की त्या मुलाची झोप झालेली नव्हती, तो वैतागलेला होता. नेम मारून मुलांचा राग ओसरला नाही. कारण कळल्यावर ओसरला.

इथे आपले वाचक विचारतील, शिमग्याला आपण बोंब मारत नाही का? दहीहंडी फोडत नाही का? जरूर. पण शिमगा पंचांगाने येतो, कुणाच्या रागाने नव्हे. हंडी फोडायला एकाच्या खांद्यावर दुसऱ्याने उभे राहावे लागते. तिथे रागावून चालत नाही. तरीही लहान मुलांना थरांवर चढवण्याचा प्रश्न २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलाच आणि वयाची अट घालावी लागली. म्हणजे नुसत्या गंमतीने बाटल्या फोडल्या तर मूल बिघडेल, असे मी म्हणत नाही. ‘तुला राग आलाय ना, चल, फोडायला जाऊ’ हे वाक्य मला धोक्याचे वाटते.

माझ्या बारा वर्षांच्या मुलीला अशा पार्टीचे बोलावणे आले होते. सहीचा कागद मी वाचला. इजा, मृत्यू, सगळ्याची जबाबदारी आमच्यावर. खोलीत काय फोडायला देणार, त्याचा उल्लेख नव्हता. फोनवर विचारले तर ‘त्या दिवशी जे असेल ते’ असे उत्तर मिळाले. मी तिला पाठवले नाही. तिने दार आपटले आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘बाबा, मला बशा फोडायच्या नव्हत्या. सगळ्या मैत्रिणी जाणार आणि मीच नाही, याचा राग आला होता.’ बॅट हातात दिली असती तर हे मला कधीच कळले नसते.

रागासाठी वेगळी खोली ही कल्पना आपल्याला नवी नाही. दशरथाच्या राजवाड्यात कोपभवन होते. कैकेयीने तिथे दागिने भिरकावले आणि जमिनीवर पडून राहिली. पुढे जे झाले त्याचे समर्थन कुणी करणार नाही. पण त्या खोलीची रीत लक्षात घ्या: आतल्या माणसाला ‘काय झाले?’ म्हणून विचारायला बाहेरून कुणीतरी यावे लागे. नव्या कोपभवनात वेळ संपल्याची घंटा होते, झाडूवाला काचा गोळा करतो आणि पुढचे गिऱ्हाईक आत जाते.

परदेशात आपल्या मुलांना राग यायला कारणे कमी नाहीत: डब्यातल्या जेवणाची चेष्टा, दर वेळी चुकीचे उच्चारले जाणारे नाव, आपल्या मोठमोठ्या अपेक्षा. त्यांतली काही तर आपल्याच घरात तयार होतात. अर्ध्या तासाचे पैसे भरून ती ऐकण्यातून आपली सुटका होते, हेही या धंद्याचे एक आकर्षण असावे, असा मला संशय आहे. मोठे झाल्यावर मुलांनी खुशाल बाटल्या फोडाव्यात. तोवर कोपभवन घरातच असू द्यावे, आणि त्याच्या दाराशी आपण असावे.