दांडीची मध्यस्थिती : अटारी ५२०० च्या बदली नियंत्रकांविषयी काही विचार

जुन्या व्हिडिओ-खेळांची यंत्रे चालू स्थितीत ठेवण्याचा छंद असलेल्या मंडळींमध्ये असा एक समज रूढ आहे, की मूळ नियंत्रक नादुरुस्त झाल्यावर त्याच्या जागी दुसरा बसविणे हे केवळ तारा जुळविण्याचे काम होय. दोहोंच्या मध्ये एक अ‍ॅडॅप्टर घालावा, कोणती तार कोठे जाते एवढे पाहावे, आणि खेळावयास बसावे. प्रस्तुत लेखकाचा ह्या समजावर आक्षेप आहे. भाषाशास्त्राच्या विभागातील पत्रिकेत हा विषय कशाला, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर इतकेच, की अ‍ॅडॅप्टर हा दुभाषी होय. दोन चिन्हव्यवस्थांमध्ये तो उभा असतो, आणि दुभाष्याकडून होणाऱ्या सर्व चुका त्याच्याकडूनही होतात.

प्रथम सोपे उदाहरण घेऊ. निन्टेंडो कंपनीचे एनईएस हे यंत्र अमेरिकेत १९८५ मध्ये, तर सुपर एनईएस १९९१ मध्ये विक्रीस आले. पहिल्याच्या नियंत्रकावर ८ कळा. यंत्र इशारा देते आणि नियंत्रक प्रत्येक कळ दाबलेली आहे की नाही हे ओळीने एकामागून एक कळवितो. दुसऱ्याची रीत तीच, फक्त कळा १२ आणि कळविण्याच्या जागा १६. खुंटीचा आकार निराळा असला तरी व्याकरण एकच आहे. येथे अ‍ॅडॅप्टर करणाऱ्याला निर्णय असा कोणताच घ्यावा लागत नाही. कळ दाबलेली असते किंवा नसते. तिसरी अवस्था नाही. ह्याला लिप्यंतर म्हणावे, भाषांतर नव्हे.

अटारी ५२०० ची गोष्ट वेगळी आहे. हे यंत्र नोव्हेंबर १९८२ मध्ये अमेरिकेत बाजारात आले आणि १९८४ मध्ये बंद झाले. त्याच्या नियंत्रकावर ० ते ९ अंक व दोन चिन्हे अशी १२ कळांची पाटी, तिच्यावर सुरुवात, विराम व पुनरारंभ ह्यांसाठी तीन कळा, दोन्ही कडांना मारा करण्याच्या कळा, आणि सर्वांवर एक दांडी. ही दांडी होय-नाही ह्या भाषेत बोलत नाही. तिच्या तळाशी दोन पोटेन्शिओमीटर आहेत, एक आडव्या व एक उभ्या दिशेचा, आणि दांडी जितकी कलेल तितका त्यांचा रोध बदलतो. यंत्रातील पोकी नावाची चिप हा रोध प्रत्यक्ष मोजीत नाही. ती एक धारित्र, म्हणजे कपॅसिटर, रिकामे करते, ते पुन्हा भरू देते, आणि भरेपर्यंत पडद्यावरील किती रेघा काढून झाल्या ते मोजते. रोध जास्त असेल तर भरण्यास वेळ जास्त. ही गणती फार तर २२८ पर्यंत जाते. दांडीचे प्रत्येक म्हणणे म्हणजे ० ते २२८ ह्यांमधील एक आकडा, आणि दोन आकड्यांमध्ये ठळक सीमारेषा नाही.

मारा करण्याच्या कळांत एक मौज आहे, ती जाता जाता सांगतो. त्यांच्या दोन जोड्यांपैकी एक यंत्राला सरळ ‘मारा’ म्हणूनच कळते. दुसरी मात्र पोकीच्या दृष्टीने टंकफलकावरील शिफ्ट कळ आहे! कारण ५२०० हे १९७९ च्या अटारी ४०० व ८०० ह्या संगणकांचे सगोत्र यंत्र होय. टंकफलक गेला, त्याची शिफ्ट मागे राहिली आणि तिला नवा अर्थ मिळाला. शब्दांच्या व्युत्पत्तीत असे अवशेष आपण नेहमी पाहतो. ज्याला हा इतिहास ठाऊक नाही तो अ‍ॅडॅप्टर करताना दोन्ही जोड्या एकाच प्रकारच्या धरतो आणि फसतो.

आता बदली नियंत्रकांकडे वळू. बदली नियंत्रकांची गरज खरी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. मूळ नियंत्रकाच्या कळांखाली लवचीक पट्टीवर छापलेले संपर्क आहेत. ते झिजतात, त्यांवर थर चढतो, आणि न वापरता ठेवलेल्या नियंत्रकाच्याही कळा मुक्या होतात. आजचा एखादा नियंत्रक ह्या यंत्राला जोडू पाहणारे लोक साधारणतः दोन पंथांचे आढळतात. पहिला म्हणतो, मूळ दांडीत ५०० किलो-ओहमचे पोटेन्शिओमीटर आहेत, तेव्हा अ‍ॅडॅप्टरनेही तसाच बदलता रोध उत्पन्न करावा. ह्यात व्यावहारिक अडचण अशी, की सहज मिळणारे अंकीय पोटेन्शिओमीटर बहुधा १०, ५० किंवा १०० किलो-ओहमचे असतात. दुसरा पंथ म्हणतो, पोकीला रोध ठाऊकच नाही, तिला फक्त वेळ कळतो. तेव्हा धारित्र केव्हा रिकामे झाले यावर लक्ष ठेवावे आणि हवा तितका काळ थांबून ते एकदम भरून टाकावे. पडद्याची एक रेघ सुमारे ६४ मायक्रोसेकंदांची. २२८ रेघा म्हणजे सुमारे साडेचौदा मिलिसेकंद. साध्या मायक्रोकंट्रोलरलाही एवढी सवड पुरून उरते.

स्वनविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा वाद ओळखीचा वाटेल. एक पक्ष उच्चारणाची नक्कल करतो, दुसरा श्रवणाची. मैनेला ओठ नाहीत, तरी ती ‘प’ ऐकविते. ऐकणाऱ्याच्या कानाशी तिचा करार असतो, बोलणाऱ्याच्या मुखावयवांशी नव्हे. प्रस्तुत लेखकाचा कल अर्थातच दुसऱ्या पंथाकडे आहे. परंतु दोन्ही पंथ एकाच प्रश्नात गुंतून पडले आहेत : आकडा उत्पन्न कसा करावा? खरा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. खेळणाऱ्याने हात सोडला, की कोणता आकडा सांगावा?

आजच्या जवळजवळ प्रत्येक नियंत्रकाची दांडी स्प्रिंगमुळे मध्यभागी परत येते. मध्यस्थिती म्हणजे ‘काही म्हणणे नाही’. व्याकरणात ज्याला शून्य प्रत्यय म्हणतात तसे तिचे स्थान आहे. अटारी ५२०० च्या दांडीला अशी परतण्याची सोय नव्हती. तिच्याभोवतीचे रबरी आवरण तिला किंचित मागे रेटते, पण नेमके मध्यावर आणून सोडण्याइतका जोर त्यात नाही. हात काढला तरी शेवटचे विधान जवळजवळ तसेच कायम राहते. ह्या व्यवस्थेत मौन नाही. समीक्षकांनी हा त्या यंत्राचा सर्वांत मोठा दोष ठरविला, आणि पॅक-मॅनसारख्या खेळाच्या बाबतीत तो ठरतोही. पॅक-मॅनला चार दिशा हव्यात, आणि दांडी कोणत्या दिशेला पडून राहिली आहे हे हाताला कळत नसेल तर खेळ वैतागाचा होतो.

परंतु यंत्रासोबत प्रथम जो खेळ दिला जात असे तो पॅक-मॅन नव्हे, सुपर ब्रेकआउट होता. त्यात दांडी आडवी जितकी कलेल त्या जागी पडद्यावरची फळी असते. दांडी ही तेथे दिशा नसून स्थान आहे. प्रस्तुत लेखकाने स्वतः केलेला पहिला अ‍ॅडॅप्टर पॅक-मॅनवर उत्तम चालला. प्रत्येक आकडा तपासला होता, प्रत्येक कळ बरोबर होती. सुपर ब्रेकआउट लावला आणि अंगठा उचलताच फळी पडद्याच्या मध्यावर उडी मारून बसली. चेंडू अर्थातच गेला. सुमारे आठवडाभर मी त्यात विजेचा दोष शोधीत होतो, आणि दोष विजेत कोठेच नव्हता.

येथे दोन प्रकारची हानी वेगळी ओळखली पाहिजे. बहुतेक चर्चेत त्यांची गल्लत होते. त्या काळी इलेक्ट्रा कन्सेप्ट्स ह्या कंपनीने मास्टरप्ले इंटरफेस नावाचा अ‍ॅडॅप्टर काढला होता. त्याला अटारी २६०० ची साधी दांडी जोडता येई. त्या दांडीला प्रत्येक अक्षावर तीनच गोष्टी सांगता येतात : ह्या टोकाला, त्या टोकाला, किंवा कोठेच नाही. देवनागरीतून मोडीत लिहिताना इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद जातो, तशीच ही हानी. ती उघड आहे आणि कोणी नाकारीत नाही. आजच्या नियंत्रकांच्या दांड्या मधले सर्व आकडे सांगू शकतात, म्हणून आता काहीच हरवत नाही अशी समजूत होते. ती खोटी आहे. कक्षा परत मिळाली, पण विरामाचा अर्थ बदलला. सर्व अक्षरे जागच्या जागी असून वाक्य भलतेच झाले, असा हा प्रकार आहे.

ह्यावर ‘मूळ दांडी वाईटच होती, आम्ही सुधारणा केली’ हे उत्तर नेहमी मिळते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. विष्णु सीताराम सुखटणकरांनी तेथे घालून दिलेली शिस्त आपल्या परिचयाची आहे : संपादकाला एखादा पाठ अधिक चांगला वाटला म्हणून तो गुपचूप आत घालता येत नाही, भेद तळटीपेत द्यावे लागतात, आणि जेथे खात्री नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढावी लागते. अ‍ॅडॅप्टरला अशी रेघ नाही. तो जी दुरुस्ती करतो ती खेळणाऱ्याला दिसत नाही, आणि मूळ नियंत्रक जसजसे मुके होत जातील तसतसा दुरुस्त पाठ हाच मूळ पाठ समजला जाईल. सुपर ब्रेकआउट हा ह्या यंत्रावर फसलेला खेळ होता, असा निर्णय तेव्हा पुराव्यानिशी देता येईल. आणि तो पुरावा अ‍ॅडॅप्टरने तयार केलेला असेल.

माझ्या दुसऱ्या अ‍ॅडॅप्टरवर एक खटका आहे. एका बाजूला दांडी मध्यावर परतते. दुसऱ्या बाजूला तिने शेवटी सांगितलेला आकडा धरून ठेवला जातो आणि दांडी ढकलली की तेथून पुढे सरकतो. दुसरी रीतही मूळासारखी नाही, कारण मूळ दांडी एका झटक्यात ह्या टोकाहून त्या टोकाला नेता येत असे आणि येथे सरकण्याचा वेग माझ्या हिशेबाने ठरतो. स्प्रिंग काढून टाकलेली दांडी अधिक प्रामाणिक ठरेल असे वाटते. तो प्रयोग चालू आहे.

१२ कळांच्या पाटीचा प्रश्न मात्र खटक्याने सुटला नाही. स्टार रेडर्समध्ये यानाची अनेक कामे तीवर सोपविलेली आहेत, आणि कोणत्या खेळात कोणती कळ काय करते हे सांगणारे छापील आवरण पाटीवर सरकवावे लागे. आजच्या नियंत्रकावर तितक्या कळाही नाहीत आणि आवरण बसविण्यास जागाही नाही. विको कंपनीने आपल्या दांडीसोबत दुपेडी तार देऊन पाटीचे काम दुसऱ्या नियंत्रकाकडे सोपविले होते, आणि मास्टरप्लेचीही तीच वाट होती. मीही शेवटी तेच केले. अ‍ॅडॅप्टरच्या मागे १५ टाचण्यांचा आणखी एक जोड बसविला आहे, आणि स्टार रेडर्स लावताना जुना नियंत्रक मांडीवर घ्यावा लागतो.