वार्धक्य मोजायची पट्टी कोणाची?

आपल्याकडचा वार्धक्यावरचा कोणताही प्रबंध उघडावा, पहिल्या दोन पानांत दोन विधाने हमखास सापडतात. देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या वाढते आहे, हे पहिले. एकत्र कुटुंब मोडल्यामुळे वृद्धांची आबाळ होते आहे, हे दुसरे. पहिल्याला जनगणनेचा आधार असतो. २०११ साली ही संख्या १० कोटींच्या वर गेली होती. दुसऱ्याला बहुधा आधार दिलेलाच नसतो. जे शोधायचे तेच प्रस्तावनेत उत्तर म्हणून मांडले, तर पुढची दोनशे पाने कशासाठी?

समाजशास्त्रज्ञ ए. एम. शाह यांनी गुजरातमधल्या एका गावाच्या एकोणिसाव्या शतकातील नोंदी अभ्यासून, लहान कुटुंबे त्या काळीही सर्रास होती, हे १९७३ सालच्या पुस्तकात दाखवले. १९९८ मध्ये लॉरेन्स कोहेन या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने वाराणसीतल्या अभ्यासावर आधारलेल्या ‘नो एजिंग इन इंडिया’ या ग्रंथात, भारतीय वार्धक्यशास्त्र एकत्र कुटुंबाच्या पतनाची तीच ती कथा कशी सांगत राहते, यावर बोट ठेवले. तरीही प्रस्तावना बदललेल्या नाहीत. म्हातारी माणसे एकाकी नाहीत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ती का एकाकी आहेत, हे कोणी नीट विचारलेले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

विचारायचे कसे, हा तर मोठाच प्रश्न. स्मृतिभ्रंश ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी एमएमएसई ही चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तीत शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात, कागदावर लिहिलेली सूचना वाचून पाळायला सांगतात, एक वाक्य लिहायला सांगतात. जन्मात शाळेची पायरी न चढलेल्या आजीला हे विचारले, तर मोजली जाते ती तिची निरक्षरता. नोंद मात्र बुद्धी ढळल्याची होते. हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या भारतीय-अमेरिकी गटाने नव्वदच्या दशकात या चाचणीचे हिंदी रूप घडवले. त्यात वीसमधून तीन-तीन वजा करायचे, लेखी सूचनेऐवजी समोरच्याची कृती पाहून तशीच करायची, वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगायचे. याला मी भाषांतर म्हणणार नाही. पट्टीच नव्याने आखण्याचे ते काम होते. १९९८ साली स्थापन झालेल्या ‘१०/६६’ या संशोधनगटाचे नावही हेच दुखणे सांगते: स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, आणि त्यांच्यावरचे संशोधन मात्र १० टक्क्यांहूनही कमी.

साधे वय घ्या. आपल्या जनगणनेच्या तक्त्यांत साठ, पासष्ट, सत्तर या आकड्यांवर माणसांची गर्दी असते. एकसष्ट आणि एकोणसत्तर ओस पडलेले. माणसे खोटे बोलतात असे नव्हे. त्यांच्यापाशी जन्माचा दाखला नसतो आणि गणकाला घाई असते. त्यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. पानशेतचे धरण फुटले तेव्हा (१९६१) तुम्ही केवढे होतात? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा (१९६७) लग्न झाले होते का? बहात्तरच्या दुष्काळात कडेवर मूल होते का? अशा चार प्रश्नांनी वय दोन-तीन वर्षांच्या आत येते. त्याला वेळ लागतो, आणि तोच नेमका वाचवला जातो. याची किंमत दप्तरात मोजता येते. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात दारिद्र्यरेषेखालील माणसाला एकोणऐंशीपर्यंत दरमहा २०० रुपये मिळतात, ऐंशी पूर्ण झाली की ५००. अंदाजाने लिहिलेल्या एका आकड्यावर कुणाचे तरी ३०० रुपये अवलंबून आहेत.

‘तुमची प्रकृती कशी आहे?’ हा प्रश्नही दिसतो तितका सोपा नाही. अमर्त्य सेन यांनी दाखवलेली विसंगती प्रसिद्ध आहे: आयुर्मान जास्त असलेल्या केरळमध्ये लोक आजारपण जास्त सांगतात, आणि बिहारमध्ये कमी. ज्याला उपचार ठाऊक असतात तो दुखणे दुखणे म्हणून ओळखतो. बाकीचे ‘वयाचंच आहे’ म्हणून सोडून देतात. मनाचे तर विचारूच नये. आमच्याकडची आजी ‘मला नैराश्य आले आहे’ असे कधी म्हणेल का? ती म्हणते, ‘करमत नाही’, ‘जिवाला घोर लागलाय’, ‘अन्न गोड लागत नाही’. त्यातच उत्तर देताना सून दारात उभी असली, तर तेवढेही ती बोलत नाही.

चांगले काम झालेले नाही असे नाही. पुण्याजवळच्या वढूच्या परिसरातील पन्नाशीपुढच्या लोकांचा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सेज’ प्रकल्पाशी जोडलेला होता. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ‘लासी’ या पाहणीच्या २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत पंचेचाळिशीपुढच्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांना गाठले. तीच माणसे वर्षानुवर्षे पुन्हा भेटायची, ही तिची खरी ताकद. एकदाच भेटून काढलेले छायाचित्र ‘म्हातारे कसे आहेत’ एवढे सांगते. ‘म्हातारे होणे कसे असते’ हे सांगायला पुन्हा त्याच उंबऱ्याशी जावे लागते.

म्हणून अशा प्रत्येक अहवालाकडून माझ्या तीन मागण्या आहेत. प्रश्न मराठीत नेमक्या कोणत्या शब्दांत विचारले, ते परिशिष्टात छापा. उत्तर वृद्धाने स्वतः दिले की घरच्यांनी, आणि शेजारी कोण होते, ते लिहा. आणि निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात पाठवण्याबरोबरच त्या गावच्या पारावरही वाचून दाखवा. यांतल्या एकीलाही मोठे अनुदान लागत नाही. समोरचा माणूस नमुन्यातला क्रमांक नाही, त्याला स्वतःच्या म्हातारपणाबद्दल आपल्यापेक्षा जास्त कळते, एवढे मान्य करावे लागते. माझ्या मते संशोधनाच्या दर्जाची पहिली कसोटी तीच आहे.