दिसलं नाही, म्हणजे नेमकं काय? : लघु गॅमा-किरण स्फोटांचा पाठलाग आणि अनुपलब्धी

मंडळी, आजच्या विषयातला मूळ प्रसंग दोन सेकंदांच्या आत आटोपतो आणि त्यावर आपल्याला तासभर बोलायचं आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही.

आधी थोडी ओळख. 1967 साली अमेरिकेचे वेला नावाचे उपग्रह चोरून होणाऱ्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवत होते. त्यांना गॅमा किरणांचे झोत दिसले, पण ते पृथ्वीवरून येत नव्हते, अवकाशातून येत होते. ही बातमी जगापुढे आली 1973 मध्ये. पुढे 1991 ते 2000 या काळात कॉम्प्टन वेधशाळेवरच्या एका उपकरणाने असे सत्तावीसशेच्या वर स्फोट नोंदवले. म्हणजे सरासरी दिवसाला एक, तोही कुठल्याही दिशेने. या नोंदींवरून 1993 मध्ये लक्षात आलं की स्फोटांचे दोन ढीग पडतात. एक दोन सेकंदांच्या अलीकडचा, दुसरा पलीकडचा. अलीकडचे लघु, पलीकडचे दीर्घ. दीर्घ स्फोट हा प्रचंड ताऱ्याच्या मरणाचा आणि लघु स्फोट हा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याचा, अशी समजूत नंतर पक्की होत गेली.

इथे आमच्यातला जुना मास्तर जागा होतो. न्यायशास्त्रात लक्षण, म्हणजे व्याख्या, तपासायची रीत आहे. जे आत यायला हवं ते बाहेर राहिलं तर अव्याप्ती, जे बाहेर हवं ते आत आलं तर अतिव्याप्ती. 'दोन सेकंदांहून कमी म्हणजे ताऱ्यांची टक्कर' या लक्षणाला दोन्ही दोष लागले. 26 ऑगस्ट 2020 चा स्फोट जेमतेम एक सेकंदाचा होता, पण मागोवा घेतल्यावर तो एका प्रचंड ताऱ्याच्या कोसळण्याचा निघाला. 11 डिसेंबर 2021 चा स्फोट पन्नासेक सेकंद चालला, आणि त्याच्यामागे मिळाला किलोनोव्हा, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून उधळलेल्या जड मूलद्रव्यांचा उजेड. त्या दुसऱ्या स्फोटाच्या अभ्यासात नैनितालजवळच्या देवस्थळच्या 3.6 मीटर दुर्बिणीचीही निरीक्षणं होती. तेव्हा 'लघु' हे नाव ताऱ्याच्या स्वभावावरून पडलेलं नाही, ते आपल्या घड्याळावरून पडलेलं आहे. आणि हे कळलं कशामुळे? स्फोट दिसल्यामुळे नव्हे. तो संपून गेल्यावर दुर्बिणी त्याच्या मागे लागल्या म्हणून.

आता हा पाठलाग किती अवघड असतो ते आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला लोणारसारखा दाखला नाही. लोणारही आकाशातून आलेल्या एका क्षणाचंच काम. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं ते विवर ज्वालामुखीचं की उल्केचं, हा वाद बराच काळ चालला. 1973 साली तिथल्या खडकांतल्या आघाताच्या खुणा प्रसिद्ध झाल्या आणि वाद निवळला. वयाबद्दलही तेच. आधी 50 हजार वर्षं म्हणत, मग 2010 च्या मोजणीत आकडा 5 लाख 70 हजारांच्या घरात गेला. आपण पन्नास वर्षं भांडलो तरी लोणारचा बसाल्ट जागचा हलला नाही, पुरावा आपली वाट पाहत थांबला. लघु स्फोटाचा पुरावा तेवढी सवड देत नाही. 9 मे 2005 रोजी स्विफ्ट उपग्रहाने पहिल्यांदा लघु स्फोटामागे उरलेली क्ष-किरणांची धग टिपली. ती किती? मोजून अकरा फोटॉन. त्या अकरा कणांवरून जागा ठरली आणि मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. दृश्य प्रकाशात पाहावं तर तासागणिक अंधारच वाढत जातो.

आता आमच्या तक्रारीकडे येऊ. या विषयावर मराठीत जे सांगितलं जातं, त्यात सगळा भर 'दिसलं' या शब्दावर असतो. कुणाला आधी दिसलं, किती वाजता दिसलं. ज्यांना दिसलं नाही त्यांचा उल्लेख झालाच तर हळहळीच्या सुरात होतो. आमचं म्हणणं असं, की यामुळे या शोधाचा निम्मा भाग सांगायचा राहून जातो, आणि आपल्या लोकांनी केलेलं नेमकं काम त्याच निम्म्यात पडलेलं आहे.

17 ऑगस्ट 2017 घ्या. भारतीय वेळेप्रमाणे संध्याकाळचे 6 वाजून 11 मिनिटं. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी, 13 कोटी वर्षांचा प्रवास करून, अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांतून गेल्या. त्यानंतर 1.7 सेकंदांनी फर्मी उपग्रहाने एक दुबळा, दोनेक सेकंदांचा गॅमा स्फोट नोंदवला. लघु स्फोट म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर, याचा थेट दाखला त्या संध्याकाळी मिळाला. पण टक्कर झाली कुठे? लायगोच्या लुईझियानातल्या यंत्रात नेमक्या त्याच क्षणी एक खरखर शिरली होती, ती साफ करेपर्यंत वेळ गेला. तिन्ही यंत्रांचा मिळून आकाशाचा नकाशा निघाला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे सव्वाअकरा उलटून गेले होते. आणि गंमत बघा, गंमत कसली, हळहळच म्हणा, ती आकाशगंगा संध्याकाळी आपल्या डोक्यावरच्या आकाशात, पश्चिमेकडे झुकलेली होती. बुलढाण्यात ती नऊ-सव्वानऊच्या सुमारास मावळली, लडाखात त्याच्याही आधी. नकाशा हाती आला तेव्हा भारतातल्या कुठल्याही दुर्बिणीला ती दिसणं शक्य नव्हतं. मान मिळाला चिलीतल्या दुर्बिणीला. टकरीनंतर सुमारे अकरा तासांनी, तिथे अंधार पडल्यावर, एनजीसी 4993 या आकाशगंगेत नवा ठिपका सापडला.

तो नकाशा सुमारे तीस चौरस अंशांचा होता, पौर्णिमेचे दीडशे चंद्र मावतील एवढा. फर्मीने दिलेला पट्टा हजार चौरस अंशांच्या वर होता. मग तीसपर्यंत आणलं कुणी? इटलीतल्या व्हर्गो या तिसऱ्या यंत्राने, आणि ते जवळजवळ गप्प राहून! व्हर्गो सुरू होतं, ठणठणीत होतं, एवढी टक्कर त्याला जाणवायला हवी होती, तरी त्याच्यात जेमतेम कुजबुज झाली. अशा प्रत्येक यंत्राला काही दिशा जवळपास ऐकू येत नाहीत. अर्थात टक्कर व्हर्गोच्या बहिऱ्या दिशेला झालेली असणार. व्हर्गोला काही कळत नाही म्हणून ते बाजूला ठेवलं असतं, तर शोध कित्येक पट मोठ्या आकाशात करावा लागला असता.

दुसरा गप्प राहिलेला साक्षीदार आपला. 28 सप्टेंबर 2015 ला सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटवर सीझेडटीआय नावाचं उपकरण आहे, मुंबईच्या टीआयएफआरच्या पुढाकाराने झालेलं आणि पुण्याच्या आयुकाचा मोठा हात लागलेलं. ते मुळात समोरचं पाहण्यासाठी केलेलं, पण शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच्या किरणांना त्याच्या बाजूच्या भिंती अडवू शकत नाहीत. त्यामुळे ते आपोआप चहूकडे पाहणारं होतं. सुरू झालं त्याच दिवशी, 6 ऑक्टोबर 2015 ला, त्याने एक स्फोट पकडला, आणि त्यानंतर शेकडो. 17 ऑगस्टला मात्र त्याच्या नोंदीत काही नव्हतं. मध्ये पृथ्वी होती. फर्मीला दिसलेला स्फोट सीझेडटीआयसमोर मोकळा असता तर त्याला तो दिसायला हवा होता, दिसला नाही, तेव्हा स्फोट पृथ्वीने झाकलेल्या आकाशाच्या तुकड्यात झाला असणार. या तर्काने फर्मीचा तो लांबरुंद पट्टा चांगलाच आवळला गेला. ठिपका कुठे आहे हे तोवर कळून चुकलं होतं, हे खरं. पण या न दिसण्यानेही त्याच जागेकडे बोट दाखवलं, आणि तेही गॅमा किरणांच्या वाटेने.

कुमारिल भट्टांच्या मीमांसेत आणि अद्वैत वेदान्तात अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. जमिनीवर घट नाही, हे कळतं कसं? तो आढळत नाही म्हणून. पण कुठलंही न आढळणं चालत नाही, ते योग्य असावं लागतं. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून घट नाही असं म्हणता येणार नाही. पिशाच दिसत नाही म्हणून ते नाही, असंही या पद्धतीने सिद्ध होत नाही, कारण मुळात ते दिसण्याजोगं मानलेलंच नाही. 'असता तर दिसलाच असता', एवढं आधी ठरलं पाहिजे. प्रभाकर मीमांसकांना हे प्रमाण मान्य नव्हतं, नैयायिकांची मांडणी वेगळी, तो वाद आज सोडू. व्हर्गो आणि सीझेडटीआय यांची शांतता या कसोटीला उतरते. त्या रात्री मध्य भारतातल्या एखाद्या हौशी निरीक्षकाने ढगांखालून वर पाहिलं आणि काही दिसलं नाही, ती मात्र अंधाऱ्या खोलीतली गोष्ट झाली.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण प्रश्नोत्तरात ती हमखास येते. आम्ही कुमारिलांचं नाव घेतलं याचा अर्थ त्यांना गॅमा किरण ठाऊक होते असा नाही, आणि ब्रह्मास्त्राचा तर इथे काडीचा संबंध नाही. पूर्वजांनी विचार करायची हत्यारं घडवली. त्या हत्यारांनी आज काम करायचं सोडून त्यांची पूजा मांडणं आम्हाला पटत नाही.

त्याच वर्षीचा आणखी एक दाखला देतो, तो आम्हाला जास्त आवडतो. 4 जानेवारी 2017 ला लायगोने दोन कृष्णविवरांचं मीलन नोंदवलं. त्या लहरींच्या नकाशातच हवाईच्या ॲटलस दुर्बिणींना एक झपाट्याने मंदावणारा ठिपका सापडला. कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश बाहेर पडला असता तर केवढी खळबळ झाली असती! सीझेडटीआय त्या क्षणी नकाशाचा साधारण निम्मा भाग पाहत होतं, आणि त्याला तिथे काही दिसलं नाही. किती तेजाचं काही असतं तर ते दिसलं असतं, तो आकडाही त्या गटाने दिला. मग दुसऱ्या दिवशीच्या, 5 जानेवारीच्या नोंदीत त्यांना एक वेगळाच गॅमा स्फोट मिळाला, आणि ठिपक्याचं मंदावणं त्याच्याशी जुळलं. तो दीर्घ जातीचा स्फोट होता, कृष्णविवरांशी त्याचा काही संबंध नव्हता, आकाशात फक्त शेजार जुळून आला होता. एका सनसनाटी शोधाचा त्यांनी शांतपणे निकाल लावला. बातमी म्हणून याला काय किंमत मिळणार? ज्ञान म्हणून विचाराल तर आम्ही याला पहिल्या रांगेत बसवू.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना, गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या. रेडिओ लहरींना श्रावणातल्या ढगांचं काही वाटत नाही. ऑगस्ट 2017 च्या टकरीकडे जीएमआरटीने पाहायला सुरुवात केली तेव्हा काहीच मिळेना. क्ष-किरण दिसायलाही नऊ दिवस लागले, रेडिओला सोळा. हे उशिरा दिसणंही बोलकं होतं: झोत थेट आपल्या रोखाने असता तर पहिल्याच दिवसांत दिसला असता, म्हणून तो तिरपा असणार. पुढच्या महिन्यांत जीएमआरटीलाही तो क्षीण रेडिओ उजेड मिळाला. महिनोन् महिने त्याच जागेकडे अँटेना वळवत राहणारी माणसं कुठल्या कार्यक्रमात सत्काराला बोलावलेली आम्ही तरी पाहिली नाहीत.

कौतुकाचा हा असमतोल नुसता भावनेचा प्रश्न असता तर आम्ही एवढं बोललो नसतो. त्याला आता पैशाची बाजू आहे. वाशिम ओलांडलं की हिंगोली, आणि तिथे औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया व्हायचं आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचं. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी 2016 ची, पूर्ण मंजुरी एप्रिल 2023 ची, खर्च 2,600 कोटींच्या घरातला. मंजुरीपासून मंजुरीपर्यंत सात वर्षं, म्हणजे 2017 ची ती संध्याकाळ मधल्या काळात येऊन गेली. अमेरिका आणि युरोपपासून इतक्या दूर एक यंत्र असलं की लहर आली कुठून हे कितीतरी नेमकं सांगता येईल, आणि लडाखात हानलेला आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची 70 सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण आहे, तिच्यासारख्या लहान दुर्बिणींनाही ठिपका मावळायच्या आत गाठता येईल.

पण न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरी रोज ऐकू येत नाहीत. औंढ्याचं यंत्र सुरू झाल्यावर लोक विचारणार, दोन वर्षं झाली, काय सापडलं? तेव्हा तिथल्या माणसांनी काय दाखवायचं? अमुक इतक्या अंतरापर्यंत, अमुक इतके दिवस ऐकलं, त्यात टक्कर झाली नाही, असं उत्तर ते देतील. ते ऐकून घेणारा, आणि यंत्र त्या दिवसांत खरोखर चालू होतं का, कुठल्या दिशेला बहिरं होतं, असा उलट प्रश्न विचारणारा श्रोता मेहकर-लोणार-रिसोडच्या पट्ट्यात तयार व्हायला हवा. आपल्या महाविद्यालयांतल्या प्रयोगवहीत 'निरीक्षण आढळले नाही' असं लिहिलं की आजही गुण कापतात. मुलं मग शेजारच्या वहीतला आकडा उतरवून घेतात. औंढ्याला जाणारी मुलं याच वर्गांतून जाणार आहेत.

बराच वेळ घेतला. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या मुली मघापासून हात वर करून आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.