'लिटल वॉर्स': खेळण्यातलं युद्ध मॉडेल म्हणून वाचताना

एच. जी. वेल्सचं 1913 सालचं 'लिटल वॉर्स' रिसर्च मेथडॉलॉजीच्या कोर्सला लावावं, असं मला मनापासून वाटतं. विषय काय, तर जमिनीवर शिशाचे सैनिक मांडून लढायचं युद्ध! पण तुम्ही पुढे सिम्युलेशनवर काम करणार असाल, तर ते मॉडेल म्हणून वाचून बघा.

नियम साधे आहेत. एका चालीत पायदळ एक फूट, घोडदळ दोन फूट. तोफेपासून सहा इंचांत आपली निदान चार माणसं असतील तरच ती डागता येते. आणि तोफ खरीच उडते, स्प्रिंगच्या जोरावर लाकडी गोळी फेकते. राइसविट्झच्या 1824 च्या प्रशियन क्रीगस्पीलमध्ये फासे होते. इथे त्यांची जागा नेमबाजीने घेतली. पुस्तकातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच. पण लगेच विचारा, जिंकला तो डावपेचामुळे की नेम चांगला म्हणून? दोन्ही एकमेकांत गुंतलंय आणि वेगळं करायची सोय वेल्सने ठेवलेली नाही. (हा हक्सलीचा विद्यार्थी बरं का!)

शेवट मात्र कच्चा आहे. खेळावरून तो थेट खऱ्या युद्धाच्या मूर्खपणावर उडी मारतो. मत पटतं, पण ते खेळातून निघत नाही. मुख्य नियमांत पायदळाला बंदूक चालवताच येत नाही. ते नुसतं भिडतं, आणि संख्या सारखी असली की माणसाला माणूस मरतो. रायफल आणि मशीनगन वगळलेलं हे मॉडेल, पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या युद्धाबद्दल काय सांगणार?