२०२४चे रॉक अल्बम : नाचणगावातून ऐकताना

२०२४ मध्ये निघालेल्या अल्टरनेटिव्ह रॉक अल्बमांपैकी आम्हाला कोणते आवडले आणि का आवडले, एवढाच आजचा विषय. अशा याद्या डिसेंबरातच निघतात. आम्ही पाडव्यापर्यंत थांबलो, कारण नोव्हेंबरात आलेला अल्बम डिसेंबरात मत देण्याइतका ऐकून होत नाही. आणि नाहीतरी आपलं वर्ष पाडव्यालाच सुरू होतं. क्रमांक लावणार नाही. पाच अल्बम घेऊ, त्यातल्या एकावर बराच वेळ थांबू आणि मग एक अडचणीचा प्रश्न आहे त्याच्याकडे वळू : या पाचांत मराठी अल्बम का नाही?

आधी शब्दाचं बघू. अल्टरनेटिव्ह म्हणजे पर्यायी. कशाला पर्यायी? अमेरिकेत ऐंशीच्या दशकात याचं उत्तर सरळ होतं. कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांवर वाजणारं, छोट्या कंपन्यांनी काढलेलं संगीत हा मोठ्या कंपन्यांच्या गुळगुळीत रॉकला पर्याय होता. १९९१ मध्ये निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला, पुढच्या जानेवारीत त्याने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवलं, आणि पर्यायच मुख्य बाजार होऊन बसला. तेव्हापासून हा शब्द म्हणजे दुकानातल्या एका कप्प्याचं नाव आहे. पण नाचणगावात बसून विचारलं तर प्रश्नाला पुन्हा धार येते. इथे मुख्य प्रवाह म्हणजे हिंदी चित्रपटातलं गाणं आणि वरातीतला डीजे. त्याला पर्याय काय? पुलगाव स्टेशनवर गाडीची वाट बघत एखादा पोरगा कानात हेडफोन घालून ऐकतो ते? ते त्याच्यापुरतं आहे. शेजारी बसलेल्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता अल्बम. द क्युअर या इंग्लिश बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' १ नोव्हेंबरला आला, तब्बल सोळा वर्षांनी. आठच गाणी. पहिल्या गाण्यात गायकाचा आवाज यायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला याचं नवल वाटू नये, पण पहिल्या पाच सेकंदांत पकड घेतली नाही तर माणूस पुढचं गाणं लावतो, अशा काळात हे धाडसच. रॉबर्ट स्मिथ आता साठीच्या पुढे आहे. मधल्या काळात त्याचे आईवडील गेले, भाऊ गेला. भावावरचं एक गाणं यात आहे. म्हातारपणाबद्दल तरुणांच्या आवाजात बोलायची खोड रॉकला फार आहे, ती इथे नाही. संथ ढोल, जड कीबोर्ड आणि चाळीस वर्षांपूर्वी होता तसाच आर्त आवाज. काहींना हा अल्बम एकसुरी वाटला. आम्हाला तो एकाच मनःस्थितीत राहिला म्हणूनच आवडला.

दुसरा, शेलॅकचा 'टू ऑल ट्रेन्स'. अठ्ठावीस मिनिटांचा, म्हणजे पुलगावहून वर्ध्याला जाताना पूर्ण ऐकून होतो. याचा गिटारवादक आणि गायक स्टीव्ह अल्बिनी ७ मे २०२४ रोजी एकसष्टाव्या वर्षी वारला आणि दहा दिवसांनी अल्बम निघाला. अल्बिनी जास्त ओळखला जातो तो निर्वाणाचा 'इन युटेरो' रेकॉर्ड करणारा म्हणून. स्वतःला तो निर्माता म्हणवून घ्यायचा नाही. विक्रीतला हिस्सा त्याने कधी घेतला नाही. आपल्याला प्लंबरसारखे कामाचे ठरलेले पैसे द्या, असं त्याने निर्वाणाला पत्रात कळवलं होतं. हिस्सा घेतला असता तर त्या एका अल्बमवर किती मिळाले असते, याचा हिशेब तुम्हीच करा. ही वृत्ती आवाजातही ऐकू येते. माइक कुठे ठेवला, खोली केवढी, ढोलावर काठी कुठे पडली, हे सगळं कळतं. कशावरही मुलामा नाही. स्टुडिओतल्या माणसाचं काम म्हणजे वाजलं ते नीट उतरवून घेणं, असा त्याचा हिशेब. मराठी रेकॉर्डिंगवर आजकाल जो प्रतिध्वनीचा साखरेचा पाक ओततात, तो करणाऱ्यांनी हा अल्बम एकदा तरी ऐकावा.

डब्लिनच्या फाँटेन्स डीसीचा 'रोमान्स' बऱ्याच याद्यांत वर होता. 'स्टारबर्स्टर' या गाण्यात मध्येच दम लागल्यासारखा जोरात श्वास ओढल्याचा आवाज आहे. गायक ग्रिअन चॅटनला लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनात घाबरल्याचा झटका आला होता, त्यातून ते गाणं आलं. गाणी चांगली आहेत यात वाद नाही. तरी आमची तक्रार आहे. यांचा २०१९चा पहिला अल्बम डब्लिनच्या गल्लीतल्या उच्चारात गायलेला होता, तो ऐकताना शहर दिसायचं. २०२२च्या अल्बमचं पहिलंच गाणं कशावर होतं माहीत आहे? इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत एका आयरिश बाईच्या थडग्यावर कुटुंबाला आयरिश भाषेत ओळ कोरायची होती. चर्चच्या न्यायालयाने नुसती आयरिश ओळ चालणार नाही, इंग्रजी अर्थही द्या, म्हणून सांगितलं. अपिलात कुटुंब जिंकलं. एवढ्याशा ओळीचं भांडण बँडने गाण्यात आणलं होतं. 'रोमान्स'मध्ये तसं गाव नाही. कुठल्याही मोठ्या मैदानात चालेल असा आवाज आहे, आणि तो मोठ्या मैदानांसाठीच केलेला आहे.

दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बीटा' ऑगस्टमध्ये आला. सूर्यकांत साहनीचा आवाज जुन्या अमेरिकन क्लबातल्या गायकासारखा, मागे ट्रम्पेट आणि त्यात मध्येच लग्नाच्या बँडची आठवण. फार देखणं काम. पण हे संगीत आपल्याकडे पाहुण्यासारखं येतं, चहा घेतं, आणि जातं. यावर अधिक बोलायचं नाही, कारण आता ज्या अल्बमसाठी हा सगळा प्रपंच केला तो घ्यायचा आहे.

म्दू मोक्तार. नायजर देशातला तुआरेग गिटारवादक, अगादेझ या वाळवंटातल्या शहरात राहतो. अल्बमचं नाव 'फ्युनरल फॉर जस्टिस', ३ मे २०२४. भाषा तमाशेक. आमच्यापैकी कुणालाही तिचा एक शब्द कळत नाही. घरात गिटारला विरोध, विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून पोराने लाकडाची गिटार केली आणि तारांच्या जागी सायकलच्या ब्रेकची केबल ताणली. ही दंतकथा वाटते, पण तो स्वतः हे सांगत आलाय. त्याहून आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते त्याची गाणी पसरली कशी ते. मोबाईलच्या मेमरी कार्डावरून. एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये, सहाराभर. अमेरिकेच्या ख्रिस्तोफर कर्कली या माणसाने असल्या कार्डांवरची गाणी जमवून २०११ मध्ये त्यांचं संकलन काढलं, आणि म्दू मोक्तारचं नाव बाहेर गेलं.

मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं आपणही पाहिली आहेत. बसस्टँडजवळ, कॉम्प्युटर समोर, "किती जीबी भरू?" तिथून भीमगीतं गेली, कव्वाल्या गेल्या, खंजिरीची भजनं गेली. इकडे कुणी ती कार्डं जमवली नाहीत.

आता वाजवणं. तो डावखुरा, गिटार बोटांनी छेडतो. आवाज इतका कर्कश की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला स्पीकर फाटलाय असं वाटावं. पण जरा थांबून ताल ऐका. तो अमेरिकन रॉकचा ताल नाही. तुआरेग बाया लग्नकार्यात जो तेंदे नावाचा ढोल वाजवतात, त्याची डुगडुग तिथे आहे. गिटार त्या तालावर बसवलेली नाही, ती त्यातूनच निघाली आहे. मुद्दा हाच आहे, म्हणून दोनदा सांगतो : आपल्या लोकांचा ताल आधी होता, यंत्र नंतर आलं, आणि यंत्राला तालाचं ऐकावं लागलं. गाण्यांचे विषय ऐका. 'ओ फ्रान्स' या गाण्यात जुन्या मालकाला उघड जाब विचारला आहे. नायजरचं युरेनियम अनेक वर्षं फ्रेंच कंपनीने काढलं, हे त्यामागे आहे. 'इमुहार' या गाण्यात तो आपल्याच माणसांना सांगतो की आपली भाषा हातची जातेय, ती वाचवा. म्हणजे शिव्या फक्त बाहेरच्यांना नाहीत. २०२३च्या जुलैत नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा बँड अमेरिकेत दौऱ्यावर होता, वादकांना घरी परतता येईना. त्या काळात त्यांनी हीच गाणी विजेच्या गिटारीशिवाय पुन्हा रेकॉर्ड केली. तो अल्बम, 'टिअर्स ऑफ इनजस्टिस', २०२५च्या फेब्रुवारीअखेरीस आला. दोन्ही ऐकले की कळतं, नुसता गोंगाट नव्हता, खाली गाणं होतं.

आता अडचणीचा प्रश्न. मराठीत हे का नाही? कुणी म्हणेल, मराठी माणसाला रॉक जमत नाही. हे खोटं आहे. नंदू भेंडे यांनी अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्युडास गायला होता आणि १९७८ मध्ये जब्बार पटेल यांनी पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा' बसवला तेव्हा त्यात अंकुश हाच माणूस होता. एकाच नाटकात नाट्यसंगीत, लावणी आणि रॉक, आणि प्रेक्षकाला कुठेही सांधा खुपला नाही. ती वाट पुढे रुंद व्हायला हवी होती. झाली नाही.

त्याऐवजी काय झालं? फ्यूजन झालं. अभंग घ्यायचा, खाली बास गिटार आणि ड्रम लावायचे. यात 'अभंग रिपोस्ट'सारखे मुंबईचे बँड मनापासून गातात, त्यांच्या कार्यक्रमाला तरुण पोरं तल्लीन होतात, हे चांगलंच आहे. पण बहुतेक फ्यूजनमध्ये गिटार लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखी कोपऱ्यात नीट बसते. अभंगाला धक्का लागत नाही आणि गिटारलाही नाही. तुकोबा ज्यांच्याशी भांडले ते भांडण कुठे गेलं?

आणि गंमत अशी की फाटका, कर्कश, विजेचा आवाज आपल्याकडे आधीपासून आहे. बेंजो! मूळ जपानी वाद्य, आपल्याकडे बुलबुलतरंग म्हणून आलं, त्याला पिकअप लावून भोंग्यातून वाजवलं की जो आवाज येतो तो कुठल्याही रॉक गिटारवादकाला हेवा वाटेल असा. मुंबई-कोकणात बेंजो पार्ट्या झाल्या. आपल्या विदर्भात संदल आणि धुमाल. गाडीवर ढोल, नगारे, पॅड आणि वर कीबोर्डवाला एकच सूर पिळून काढतोय. आम्ही म्दू मोक्तार पहिल्यांदा ऐकला तेव्हा सहारा आठवला नाही, संदल आठवला. शिवाय जाब विचारणाऱ्या शब्दांची आपल्याकडे वाण नाही. वामनदादा कर्डकांची परंपरा गावोगाव गाती आहे. ताल आहे, विजेचा आवाज आहे, शब्द आहेत. पण संदलवाला सिनेमाची गाणी वाजवतो, भीमगीतांचा गायक स्टुडिओत गेला की कीबोर्डाच्या तयार तालावर गातो, आणि इंग्रजी बँड ऐकणारा पोरगा हेडफोन घालून स्टेशनवर बसलेला असतो. तिघेही एकाच गावात राहतात. त्यांना एका खोलीत बसवून, मधे दोन माइक ठेवून, मुलामा न देता उतरवून घेणारा कुणी अल्बिनी आपल्याकडे निघाला नाही. संदलचं संगीत आज सापडतं ते रस्त्यावर उभं राहून मोबाईलने घेतलेल्या तुकड्यांत. चाळीस मिनिटं सलग ऐकावं असं त्यातून कुणी काही बांधलेलं नाही.

चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय : "शब्द कळत नसताना गाणं आवडलं हे कशावरून?" रास्त प्रश्न आहे. शब्द कळत नाहीत तिथे आम्ही अर्थ वाचून घेतला, पण तो चौथ्या-पाचव्यांदा ऐकून झाल्यावर. आधी एवढंच पाहिलं की माणूस कुणाला तरी उद्देशून गातोय का, की नुसता गातोय. 'इमुहार'मध्ये ते पहिल्या ओळीपासून कळतं. आता तेच लावतो. आवाज जरा मोठा ठेवतोय, मागच्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या.